नव्या कॅमेऱ्याच्या सेन्सरबद्दलची अफवा खरी की थाप, हे कसं ओळखायचं?

आधी आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा, बऱ्याच थापा तिथेच गळून पडतात. समजा बातमी आहे, ‘24 मेगापिक्सेल आणि 8के व्हिडिओ’. 3:2 आकाराच्या (रुंदी 3, तर उंची 2) अशा सेन्सरवर आडवे पिक्सेल साधारण 6000 असतात, 8केला 7680 लागतात. विषय संपला. सोनी ए7 फोरचं उदाहरण तर गमतीचं आहे: सेन्सर 33 मेगापिक्सेलचा, 8केची फ्रेमही 33चीच, पण ती जास्त रुंद आणि सेन्सरवर आडवे पिक्सेल 7008च, म्हणून बसत नाही. 3:2मध्ये किमान 39 मेगापिक्सेल तरी हवेत.

वाय-फायमुळे कॅमेऱ्याची विक्रीआधी सरकारी नोंदणी होते. तिथला सांकेतिक क्रमांक फुटला, तर कॅमेरा येतोय एवढं पक्कं, सेन्सरबद्दल त्यात अक्षरही नसतं. ‘विश्वसनीय सूत्र’ म्हणणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

मात्र गणित फक्त अशक्य काय ते सांगतं. ‘हे जमणारच नाही’ या अंदाजावर अफवा मोडीत काढू नका. कॅनन आर5 या कॅमेऱ्यात 8के येणार या अफवेला 2020च्या सुरुवातीला अनेक जण हसले होते, फेब्रुवारीत कॅननने स्वतःच ते जाहीर केलं. 8के चित्रित करताना कॅमेरा तापून बंद पडण्याची भानगड मात्र कॅमेरा आल्यावरच गाजली.