आजोबांची गोळी, नातीची धास्ती

खेळात नाव काढू लागलेल्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो: ‘‘मॅडम, आमच्या नकळत मुलाच्या पोटात भलतंच काही गेलं आणि उत्तेजकांच्या चाचणीत सापडलं तर?’’ पुण्या-मुंबईकडचे पालक त्याबरोबर पृथ्वी शॉचे उदाहरण देतात. २०१९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खोकल्याच्या औषधातून शरीरात गेलेल्या टर्ब्युटालिन या निषिद्ध द्रव्यामुळे या क्रिकेटपटूवर आठ महिन्यांची बंदी आली; औषध अजाणता घेतले गेले हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले, तरी बंदी टळली नाही. परदेशात राहणारी आणि मुलांना बर्फावरच्या खेळात घातलेली मराठी कुटुंबे मात्र कमिला वालियेवाचे नाव घेतात. टोरांटोजवळच्या मिसिसागामधील एका कुटुंबाबरोबर ऑनलाइन केलेले काम मी इथे मांडत आहे. नावे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहिण्यापूर्वी सर्वांची, विशेषतः त्या मुलीची, परवानगी घेतली आहे.

ज्यांनी ते प्रकरण त्या वेळी पाहिले नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कमिला ही रशियाची फिगर स्केटर. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि ७ फेब्रुवारीला सांघिक स्पर्धेत चार गिरक्यांची उडी यशस्वी करणारी ऑलिंपिकमधील पहिली महिला ठरली. रशियाचा संघ पहिला आला. त्यानंतर कळले, की २५ डिसेंबर २०२१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात, स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेला ट्रायमेटाझिडीन सापडले होते. हे औषध अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत दुखणाऱ्या रुग्णांना देतात. हृदयाचे स्नायू त्यामुळे कमी प्राणवायूत भागवून घेतात, आणि म्हणूनच २०१४ पासून ते खेळाडूंना निषिद्ध आहे. तिच्या बाजूने सांगण्यात आले, की ते औषध तिचे आजोबा घेतात. आधी आजोबांच्या ग्लासाचा विषय निघाला. पुढे, ज्या फळीवर ते गोळ्या कुस्करत त्याच फळीवर त्यांनी नातीसाठी केलेल्या स्ट्रॉबेरीच्या गोड पदार्थाचा. क्रीडा लवादाला ते सिद्ध झालेले वाटले नाही. २९ जानेवारी २०२४ रोजी तिला चार वर्षांची बंदी झाली, नमुना घेतल्याच्या दिवसापासून मोजलेली.

मिसिसागातल्या घरी हा निकाल नुसती बातमी नव्हता. त्यानंतर झालेल्या सांघिक निकालाच्या फेरमांडणीत अमेरिकेला सुवर्ण मिळाले, जपानला रौप्य, आणि कमिलाचे गुण वजा करूनही रशियाकडे कांस्य राहिले. कॅनडाचा संघ एका गुणाने, ५४ विरुद्ध ५३ असा, पदकाबाहेर राहिला. रेवाच्या रिंकवर बराच काळ दुसरा विषय नव्हता. रेवा, त्या घरची मुलगी, चौदा वर्षांची, डबल ॲक्सेल या स्केटिंगमधल्या अवघड उडीवर मेहनत घेणारी, मराठी छान समजणारी, पण घाईत इंग्रजीकडे वळणारी. त्या हिवाळ्यात तिचे आबा नाशिकहून राहायला आले होते. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली होती, आणि त्यांच्या गोळ्यांच्या डबीत एक गोळी ट्रायमेटाझिडीनची होती. भारतात ती सर्रास लिहून दिली जाते.

आईचा पहिला निरोप एवढाच होता, की रेवा आबांच्या पंगतीला बसत नाही. प्रत्यक्षात गोष्ट बरीच पुढे गेलेली होती. तिने आपले ताट आणि ग्लास वेगळा काढला होता, तो स्वतः घासून स्वतःच्या खोलीत ठेवत होती. आबांनी केलेला गुळाचा शिरा ती लहानपणी कढईतून खात असे. आता त्यांनी ओट्याला हात लावला की ती जेवायला खाली येत नसे. स्केटिंगच्या बॅगेत त्यांनी हौसेने ठेवलेले शेंगदाण्याचे लाडू तिने मैत्रिणींना वाटून टाकल्याचे घरात कळले, तेव्हा आबा सुनेला म्हणाले होते, ‘‘माझ्या हाताचा विटाळ होतो का गं पोरीला?’’

वडिलांना यात वावगे दिसत नव्हते. ते अभियंते. लवादाचा लांबलचक निकाल त्यांनी वाचून काढला होता आणि निषिद्ध औषधांची यादी फ्रिजवर लावली होती. मुलीची शिस्त त्यांना कौतुकाची वाटत होती. आईला तीच शिस्त सासऱ्यांचा अपमान वाटत होती. दोघांनीही मुलीला बसवून समजावले होते, एकाने धोका किती खरा आहे ते आणि दुसऱ्याने तो किती नगण्य आहे ते.

माझे काही सहकारी अशा वेळी ग्लास घासण्याच्या सवयीपासून सुरुवात करतील, आणि त्यांची वाट चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पण मी माणसाला त्याच्या घरासकट समजून घेणाऱ्या पंथातली आहे. एखादे मूल विचित्र वागू लागले, तर त्या वागण्यामुळे घरातल्या कोणाचे रक्षण होत आहे, हा प्रश्न मी आधी विचारते. पालकांना तो सुरुवातीला चमत्कारिक वाटतो. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून एवढे सांगते, की तो क्वचितच वाया जातो.

रेवाशी एकटीशी बोलणे झाले, तेव्हा पहिल्या काही भेटी औषधांच्या नावांत गेल्या. तिला त्यातले माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते, आणि ते मी तिला सांगितलेही. मग एकदा मी विचारले, ‘‘रेवा, समज, तुझी चाचणी झाली आणि रिपोर्ट वाईट आला. घरी फोन आला. सगळ्यात आधी कोण बोलतं?’’

‘‘बाबा.’’

‘‘काय म्हणतात?’’

‘‘काय काय खाल्लंस ते आठव. लिस्ट करायला लावतात.’’

‘‘मग?’’

‘‘मग आई म्हणते, कोणाच्या ग्लासातून पाणी प्यायलीस का? मग कोणीच काही बोलत नाही. सगळे आबांकडे बघतात.’’

‘‘आणि आबा?’’

ती बराच वेळ जॅकेटची चेन वरखाली करत राहिली. ‘‘आबा तिकीट काढतात.’’

मी काही बोलले नाही. मग ती आपणहूनच म्हणाली, ‘‘ते भांडणार नाहीत. सॉरी पण म्हणणार नाहीत. ते नाशिकला जातील आणि परत येणारच नाहीत. त्यांना वाटेल, माझं स्केटिंग त्यांच्यामुळे गेलं. कमिलाच्या आजोबांवर लोक किती हसले, माहितीये? स्ट्रॉबेरीवरून. मी वाचलंय ते सगळं.’’

‘‘म्हणून त्यांच्या हातचं खात नाहीस?’’

‘‘मी त्यांच्याकडून काही घेतलंच नाही, तर त्यांच्यावर येणारच नाही ना.’’

हे वाक्य ऐकल्यावर सगळ्या घटना उलट्या बाजूने दिसू लागल्या. ज्या वागण्याला आबा विटाळ समजत होते, आई उद्धटपणा समजत होती आणि बाबा सावधगिरी, ते त्या पोरीने आजोबांभोवती उभारलेले कुंपण होते. तिला स्वतः सापडण्याची भीती नव्हतीच असे नाही. पण सापडल्यावर घर कोणाकडे बोट दाखवील, हे तिने मनाशी पक्के ओळखले होते, आणि ते बोट दाखवायला जागाच उरू नये म्हणून ती महिनोन्महिने एकटी जेवत होती. वडिलांनी निकालात रेणूंची नावे आणि कलमे वाचली होती. तिने त्याच प्रकरणात एक म्हातारा माणूस पाहिला होता, ज्याने नातीला काहीतरी गोड करून दिले आणि ज्याची जगभर साक्ष-पुराव्यासारखी चर्चा झाली.

ज्या अभ्यासकाने मुलांच्या लक्षणांकडे फक्त लक्षण म्हणून पाहिले असते, त्याला हे सापडले नसते, असे मला आजही वाटते. भीती आणि निष्ठा बाहेरून पुष्कळदा सारख्याच दिसतात. भीती समजून धीर देत राहिले, तर मूल धीर नाकारते, कारण आपण भीती सोडली तर ज्याला वाचवतो आहोत तो उघडा पडेल, असे त्याला वाटत असते.

हे आबांना कोणी सांगायचे, ते मी रेवावर सोडले. पुढच्या भेटीत चौघे पडद्यासमोर बसले आणि ती एका दमात म्हणाली, ‘‘आबा, तुमच्यावर यायला नको म्हणून मी खात नव्हते.’’ आबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, ‘‘अगं, आलं माझ्यावर तर येऊ दे की. मी कशाला बसलोय इथे?’’ आणि लगेच पुढे, ‘‘नाहीतर असं करू, मी ती गोळीच बंद करतो.’’ इथे मात्र मी मध्ये पडले आणि स्पष्ट सांगितले, की हृदयाची गोळी नातीच्या खेळासाठी बंद करणे किंवा बदलणे हा घरातल्या बैठकीचा विषयच नाही. तो त्यांच्या डॉक्टरांचा आणि त्यांचा आहे.

वडील बराच वेळ गप्प होते. अखेर म्हणाले, ‘‘पण मॅडम, नियम तर हाच आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार.’’ त्यांचे म्हणणे खरे होते. उत्तेजकविरोधी नियमांची सुरुवात तिथूनच होते, आणि कमिला सोळा वर्षांच्या आतली म्हणून संरक्षित व्यक्ती मानली गेली, तिला बीजिंगमध्ये वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिले गेले, तरी अखेरचा निकाल तिच्या एकटीच्या नावावर लागला. पण नियमाने लवादापुढे विचारायचा प्रश्न घरातही तसाच्या तसा विचारायचा का, हे ठरवणे आपल्या हातात असते. १७ फेब्रुवारीला बीजिंगमध्ये पुन्हा पुन्हा पडून, पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर घसरून ती मुलगी बर्फावरून बाहेर आली, तेव्हा तिच्या प्रशिक्षिका एतेरी तुतबेरिद्झे यांनी, तू लढणे का सोडलेस, असे विचारले. तो थंडपणा पाहून ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनाही दुसऱ्या दिवशी जाहीरपणे खेद व्यक्त करावासा वाटला. ती चित्रफीत मी वडिलांना पुन्हा पाहायला सांगितली, या वेळी मुलीकडे न पाहता कठड्याशी उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे पाहून.

त्यानंतर त्या घरात व्यवस्था बदलली. फ्रिजवरची यादी निघाली. खेळाशी संबंधित औषधांची चौकशी करण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले. रेवाकडे एकच गोष्ट राहिली, की काहीही नवे घेण्याआधी त्यांना सांगायचे. आबा गोळ्या आपल्या खोलीत, आपल्या तांब्या-भांड्याने घेऊ लागले आणि मग हात धुऊ लागले. त्यांची ती गोळी हळूहळू विरघळणारी होती, ती फोडायची किंवा कुस्करायची नसतेच, हे नाशिकच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावर फळीचा प्रश्न आपोआप मिटला. शिरा पुन्हा सुरू झाला. ग्लास मात्र रेवा अजूनही स्वतःच घासते, आणि आईचे म्हणणे असे, की घासू दे, निदान एक भांडे तरी घासते पोर.

ज्या पालकांना हीच चिंता आहे, त्यांना मी ती उगाच आहे असे सांगणार नाही. २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये सापडली. हे प्रमाण हलके नाही. पण काळजी योग्य ठिकाणी करावी. आजोबांच्या डबीपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती जिममधल्या ओळखीच्या माणसाने दिलेल्या प्रोटीन पावडरीची, घटकांची नावे न लिहिलेल्या चूर्णांची, आणि ‘साधी सर्दीच आहे’ म्हणून दुकानातून आणलेल्या गोळीची. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमेनियाच्या सोळा वर्षांच्या अँड्रिया रादुकानचे जिम्नॅस्टिक्समधले वैयक्तिक सुवर्णपदक गेले ते सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिनमुळे, आणि ती गोळी तिला संघाच्या डॉक्टरांनीच दिलेली होती. म्हणून मूल स्पर्धेत उतरते हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगावे. भारतात नाडाचे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, औषध तपासण्याचे ॲप आहे, कॅनडात तिथल्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे चौकशी करता येते. ही चौकशी घरातल्या एका ठरलेल्या मोठ्या माणसाने करावी. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनेही जून २०२२ मध्ये वरिष्ठ गटासाठीची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर किती भार टाकायचा, याचा विचार जिथे संघटना करतात, तिथे घराने तो का करू नये, हे मला समजत नाही.

आणि एखादे मूल आधीच जेवणाखाण्यात विचित्र वागू लागले असेल, तर त्याला आकडेवारी सांगण्यापूर्वी मी रेवाला विचारलेला प्रश्न विचारून पाहावा: वाईट बातमीचा फोन आला, तर आपल्या घरात आधी कोण बोलेल, काय बोलेल, आणि सगळे कोणाकडे बघतील? उत्तर मुलालाच देऊ द्यावे. ते आपल्याबद्दल असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा मध्येच खुलासा करू नये.