इंजेक्शन तेच, मग गाईला एवढंसं आणि घोड्याला एवढं का?

या वेळी चार प्रश्न घेतलेत आणि चारही फिरून एकाच घराण्यावर येतात, ते म्हणजे शरीरातल्या ॲड्रेनालिनच्या रिसेप्टरवर (पेशीवर ॲड्रेनालिन चिकटायची जी जागा असते तिच्यावर) काम करणारी औषधं.

प्रश्न: गाईचे खूर कापायचे होते म्हणून डॉक्टरांनी झायलाझिन हे गुंगीचं इंजेक्शन दिलं, अगदी थोडंसं, तरी ती बसलीच. त्याच डॉक्टरांनी घोड्याला मात्र कितीतरी जास्त दिलेलं मी पाहिलंय. वजनात तर फार फरक नव्हता. मग असं का?

तुम्ही बरोबर पाहिलंत. गाईगुरांना झायलाझिन घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्शात पुरतं, शेळी तर त्याहून नाजूक, आणि डुकराला भरपूर दिलं तरी ते नीट झोपेल याची खात्री नसते.

आता हे औषध करतं काय ते बघू. घाबरल्यावर किंवा पळायची वेळ आली की शरीर ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन सोडतं, ती पेशींवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतात, पण हे रिसेप्टर सगळे एका जातीचे नसतात. 1948 साली आलक्विस्ट या शास्त्रज्ञाने त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट केले, पुढे त्यांचेही पोटभेद निघाले. ढोबळ सांगायचं तर अल्फा-1 रक्तवाहिन्या आवळतो, बीटा-1 हृदयाला जोर देतो, बीटा-2 श्वासनळ्या आणि गर्भाशय सैल सोडतो. अल्फा-2 चं मात्र वेगळंच, तो मज्जातंतूच्या टोकावर बसलेला ब्रेक आहे, दाबला की नॉरॲड्रेनालिन सुटायचंच कमी होतं, मेंदूत हे झालं की जनावर पेंगतं आणि दुखणंही कमी जाणवतं. झायलाझिन नेमका हाच ब्रेक दाबतं, आणि गाईचा ब्रेक फार हलका आहे.

म्हणून स्वतः बाटली आणून अंदाजाने टोचायचा विचारसुद्धा करू नका, कारण हे औषध 20 आणि 100 मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन्ही ताकदींत मिळतं आणि घोड्याची बाटली गाईसाठी उचलली तर खेळ खलास. शिवाय गाईचं पोट थांबतं, ती फुगू शकते, पोटातलं तोंडात येऊन श्वासनळीत जाऊ शकतं, त्यामुळे आडवी पडू न देता छातीवर बसवून ठेवायची, डोकं असं ठेवायचं की लाळ बाहेर गळेल. गाभण गाईला, खासकरून शेवटच्या तीन महिन्यांत, आम्ही हे टाळतो कारण गर्भाशय आकुंचन पावतं. नंतर ती भसाभसा लघवी करेल, घाबरू नका, इन्सुलिन दबल्याने रक्तातली साखर तात्पुरती वाढते, तेही त्याचं एक कारण. आणि घोडेवाल्यांनो, मान खाली टाकून उभा असलेला घोडा अचानक लाथ मारू शकतो बरं का, पेंगतोय म्हणून मागे जाऊन उभे राहू नका.

प्रश्न: एक्सरेसाठी कुत्र्याला डेक्समेडेटोमिडिन दिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या, ठोके एकदम कमी झाले. मग दुसरं इंजेक्शन दिलं आणि तो थोड्याच वेळात उठून चालायला लागला. नक्की झालं काय?

डेक्समेडेटोमिडिन हेही झायलाझिनसारखंच अल्फा-2 वरचं गुंगीचं औषध. सुरुवातीला ते बाहेरच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून हिरड्या फिक्या दिसतात, त्याने बीपी वाढतं आणि वाढलेलं बीपी बघून शरीर स्वतःच ठोके कमी करतं. बघायला भीती वाटते पण हे अपेक्षितच असतं. फक्त हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्यासाठी ते बरं नाही, म्हणून आधी सगळी हिस्टरी सांगायची, लपवायचं नाही. दुसरं इंजेक्शन बहुतेक अटिपामेझोल असणार, ते रिसेप्टरवरून पहिल्या औषधाला हटवतं. त्यात एक मेख आहे, झोपेबरोबर दुखणं कमी करणारा परिणामही जातो, त्यामुळे काही दुखणारं काम केलं असेल तर वेगळं पेनकिलर लागतं.

जाता जाता, गोचिडांसाठी वापरतात ते अमिट्राझ हेही अल्फा-2 वरच काम करतं! जनावराने ते चाटलं, पेंगलं, ठोके मंद झाले, तर अनेकदा हेच अटिपामेझोल उपयोगी पडतं. डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्या.

प्रश्न: माझा दम्याचा सालब्युटामॉल इनहेलर कुत्र्याने चावून फोडला. आता काय करू?

हे वाचेपर्यंत थांबला असाल तर आधी डॉक्टरकडे जा, मग पुढचं वाचा. सालब्युटामॉल बीटा-2 वर काम करतं, मांजरीच्या दम्यालाही आम्ही ते स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून देतो, औषध चांगलंच आहे. पण डबा दाताने फुटला की त्यात शिल्लक असलेलं सगळं एकदम तोंडात उडतं, एका पफला जे मिळतं त्याच्या कैक पट, आणि इतक्या डोसला ते बीटा-2 पुरतं थांबत नाही, हृदयातल्या बीटा-1 लाही पकडतं. ठोके 200 च्या वर जाऊ शकतात, कुत्रा थरथरतो, ओकतो, आणि मग मलूल पडतो. मलूल का, तर रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये शिरतं आणि स्नायूंना ताकद राहत नाही. घरी उलटी करवू नका, औषध तोंडाच्या आतूनच शोषलं गेलेलं असतं, फायदा काही नाही. दवाखान्यात ईसीजी लावतात, पोटॅशियम तपासतात, गरज असेल तर सलाईनमधून हळूहळू देतात आणि प्रोप्रानोलॉलसारखं बीटा अडवणारं औषध देतात. वेळेत नेलं तर बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सावरतात. फुटलेल्या डब्यातून गॅस थंडगार सुटतो, त्यामुळे जीभ आणि हिरड्याही तपासून घ्या.

प्रश्न: ऑपरेशननंतर आमच्या कुत्रीची झोपेत लघवी गळते. फिनाइलप्रोपॅनोलामाइन लिहून दिलंय, किती दिवस द्यायचं?

अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो. हे औषध नॉरॲड्रेनालिन सुटायला लावतं, अल्फा रिसेप्टरमार्फत तो स्नायू आवळला जातो. आजार बरा करत नाही, म्हणजे बऱ्याच जणींना कायमच लागतं. मधूनमधून बीपी तपासा, चिडचिड किंवा अन्नावरची वासना गेली तर कळवा. आणि गोचिडांसाठी अमिट्राझ वापरत असाल तर गोळी सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.