भारताच्या सांगण्यावरूनच भूतान चीनमध्ये दूतावास उघडत नाही का?

नाही, निदान कागदोपत्री तरी आता तसं कुठलंही बंधन नाही. १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानण्याचं कलम होतं. २००७ च्या नव्या करारात ते काढून टाकलं. दोन्ही करारांचा मजकूर जाहीर आहे, कलम २ शेजारी-शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच कळतो. शिवाय भूतानचे अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स यांच्याशीही औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. म्हणजे सुरक्षा परिषदेच्या पाचही स्थायी सदस्यांपासून तो अंतर राखून आहे. हे माझ्या मते फार विचारपूर्वक जपलेलं धोरण आहे. बड्यांच्या भांडणात आपलं अंगण वापरलं जाऊ नये, एवढीच त्यामागची धडपड.

आणि दूतावास नाही म्हणजे बोलणं बंद, असंही नाही. सीमेबाबत भूतान १९८४ पासून चीनशी थेट वाटाघाटी करतोय. २०१७ मध्ये डोकलामला, म्हणजे भारत-चीन-भूतान सीमांजवळच्या वादग्रस्त पठारावर, चिनी रस्ता पुढे सरकला, तेव्हा भूतानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २९ जूनला स्वतःचं निवेदन काढून १९८८ आणि १९९८ च्या लेखी समझोत्यांचा भंग झाल्याचं स्पष्ट सांगितलं. २०२१ मध्ये दोघांनी तीन टप्प्यांच्या आराखड्यावर सह्याही केल्या.

मात्र भारताचा प्रभाव शून्य आहे, असं समजू नका. भूतानचं चलन रुपयाला बांधलेलं आहे, जलविद्युत भारतच विकत घेतो आणि ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी डोकलामपासून जवळ असल्याने तिथल्या जमिनीच्या चीनशी होणाऱ्या कोणत्याही अदलाबदलीत दिल्लीचं मत थिंपूला विचारात घ्यावंच लागतं.