दोन दिवस उशिरा भरलं, म्हणून सवलतीचं व्याज गेलं?

प्रश्न : पारोळ्याला माझं कृषी केंद्र आहे. गेल्या जूनमध्ये बी-बियाणं उधारीवर गेलं आणि हात तंगीत आला. एका कार्डावरची ८०,००० रुपयांची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या नव्या कार्डावर वळवली. सहा महिने दरमहा ०.९९ टक्केच व्याज लागेल असं बँकेच्या मुलीने फोनवर सांगितलं, तसा मेसेजही आला. खाली 'अटी लागू'ची लिंक होती, ती मी उघडली नाही. आता व्याज ३.६ टक्क्यांनी लागतंय, म्हणजे वर्षाला ४३ टक्के. ही सावकारी नाही का? ऑगस्टमध्ये कानबाईच्या सणात, पाहुण्यांच्या आणि रोटांच्या गडबडीत रविवारची तारीख चुकली, मंगळवारी भरलं, पण त्याचा दंडही भरला आहे. कस्टमर केअरला कितीदा फोन केले. ग्राहक न्यायालयात जाऊ का? तो मेसेज जुन्या मोबाईलवर होता, तो आता भाच्याला दिलाय.

उत्तर : भाऊ, अशी पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबारहून सारखी येतात आणि बहुतेकांत सगळा जोर त्या ४३ टक्क्यांवर असतो. राग रास्त आहे, पण त्यावर खटला उभा राहत नाही. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा बँकेच्या कर्जाला लागू नाही. नुसतं 'व्याज जास्त आहे' म्हणून बँकेचा हिशेब पुन्हा उघडायला बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१-अ न्यायालयाला आडवं येतं. आणि व्हॉट्सॲपवर अजून फिरतो तो '३० टक्क्यांवर व्याज बेकायदा' हा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा तक्रारीत 'सावकारी' हा शब्दही घालू नका.

तुमचं प्रकरण अडलंय ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर. रविवारी भरायचं होतं, मंगळवारी भरलं. दंड भरला की विषय संपला, असं तुम्ही धरून चाललात. तो तिथूनच सुरू होतो.

आधी हे पाहा की ३.६ टक्के नेमके कोणत्या महिन्याच्या स्टेटमेंटपासून लागले. तुमच्या पत्रात दराबद्दल सगळं आहे, महिना कुठेच नाही. जुलैच्या स्टेटमेंटपासूनच तो दर असेल, तर बँकेने सवलत कधी दिलीच नव्हती आणि ऑगस्टच्या उशिराचा इथे काही संबंध नाही. तसं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पण उशिरानंतरच्या स्टेटमेंटपासून दर चढला असेल, तर बँक ऑफरच्या अटींतल्या एका ओळीवर बोट ठेवील : देय तारखेपर्यंत किमान रक्कम जमा झाली नाही तर सवलत रद्द. अशा ऑफरमध्ये ही ओळ बहुधा असतेच. मेसेजमध्ये 'अटी लागू' लिहून खाली लिंक होती, ती तुम्ही उघडली नाही. ऐंशी हजारांचा व्यवहार करताना दोन मिनिटं ती वाचायची होती.

त्या ओळीला उत्तर आहे, पण एका तारखेपुरतंच. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकबाकी राहिली तरच उशिराचा आकार लावता येतो आणि क्रेडिट ब्युरोकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेकडे) थकबाकीदार म्हणून कळवता येतं. तुमचं खरोखर दोनच दिवसांत जमा झालं असेल, तर तुमच्याकडून घेतलेला दंडच नियमाबाहेरचा आहे. तो जीएसटीसकट परत मागा.

आता खोच पाहा. तुम्ही मंगळवारी पैसे पाठवले, पण कार्डाच्या खात्यात ते कधी जमा झाले? बिल भरायच्या काही ॲपमधून रक्कम जमा व्हायला दोन-दोन दिवस जातात. बुधवारपर्यंत जमा झाली असेल तर तुम्ही तीन दिवसांच्या आत आहात. गुरुवार उजाडला असेल तर चौथा दिवस लागला आणि हे संरक्षण गेलं. मंगळवारची पावती, तिच्यावरचा व्यवहार क्रमांक आणि स्टेटमेंटमधली जमा तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा. जमा गुरुवारची निघाली, तर 'माझ्याकडून पैसे मंगळवारीच गेले' असं म्हणता येईल, पण बाजू पातळ होते. रविवार होता, घरी पाहुणे होते, हे कारण कोणी ऐकणार नाही. मोबाईलवरून पैसे रविवारीही जातात.

तीन दिवसांत असलात तरी सवलतीचा दर टिकेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. तो नियम दंडाबद्दल आणि ब्युरोबद्दल बोलतो, सवलतीच्या दराचं नाव घेत नाही. आपला युक्तिवाद असा : जो उशीर दंडालाही पात्र नाही, त्यावरून दर साडेतीन पटींहून वर नेणं अन्यायाचं आहे. शिवाय कार्डाच्या आकारांत बदल करायचा तर किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते आणि तो बदल पुढच्या काळालाच लागतो, असं तेच निर्देश सांगतात. बँक म्हणेल, हा बदल नाही, ही मूळचीच अट आहे. ती अट तुमच्यापर्यंत पोचली होती हे मग बँकेने दाखवावं. लढत इथे आहे.

म्हणून तो मेसेज लागतो. जुना मोबाईल भाच्याला दिल्याचं तुम्ही शेवटी लिहिलंय. आजच्या आज तो परत आणा, आणि त्याने सगळं पुसून टाकलं नसेल अशी आशा करा. पुढे पुरावा म्हणून स्क्रीनशॉट द्यायचा झाला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

आणि ते फोन! इतक्या महिन्यांत बँकेला एकही लेखी ओळ नाही. कस्टमर केअरशी झालेल्या बोलण्याने कायद्यातली कुठलीच मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षं मिळतात आणि ती चालू झालेली आहेत. याच आठवड्यात बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या. त्यात चारच गोष्टी मागा : जूनमधल्या फोनचं रेकॉर्डिंग, ऑफरच्या संपूर्ण अटी, दर बदलल्याची तारीख आणि त्याची सूचना कधी पाठवली त्याचा पुरावा. बिलाला हरकत घेतली की ३० दिवसांत खुलासा आणि लागतील ती कागदपत्रं देणं बँकेवर बंधनकारक आहे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, तक्रार ऑनलाइन होते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे वकिलामार्फत तक्रार चालत नाही, तेव्हा अर्ज तुम्हाला स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीकडून करावा लागेल. तिथेही मुदत असते, बँकेचं उत्तर हाती आलं की थांबू नका.

जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक न्यायालयात, तुम्ही राहत्या ठिकाणावरून दावा लावू शकता आणि एवढ्या रकमेला फीही नाही. तरी आधी लोकपालच, कारण आयोगात तेच प्रकरण चालू असलं की लोकपाल ते हातात घेत नाही. कायदा म्हणतो आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात, मग बँकेचा वकील मुदत मागतो आणि ती मिळते. महिन्याला ०.९९ टक्क्याने ७९२ रुपये होतात, ३.६ टक्क्यांनी २,८८०. मुद्दल तेवढंच धरलं तर सहा महिन्यांचा फरक साडेबारा हजारांच्या आसपास, जीएसटी वेगळा. एवढ्या पैशांसाठी दुकान बंद ठेवून तुम्ही जळगावच्या किती फेऱ्या मारणार? हे तुमच्यासारख्यांवर लादणं मला पटत नाही, पण आज वस्तुस्थिती तीच आहे.

भांडण चालू असताना भरणा थांबवू नका. निदान किमान रक्कम वेळेत भरा, आणि देय तारखेच्या चार दिवस आधी. या कार्डावर नवी खरेदी करू नका, कारण मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वसुलीवाला 'सेटलमेंट करून टाका' म्हणाला तर लगेच होकार देऊ नका. तो 'सेटल्ड' शेरा सिबिलच्या अहवालात राहतो आणि पुढच्या हंगामात पीककर्ज किंवा दुकानासाठी कॅश क्रेडिट मागायला गेलात की तो आड येतो.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी तीन स्टेटमेंटं आणि ती मंगळवारची पावती मला पाठवा. जमा तारीख पाहिल्याशिवाय याहून पुढे काही सांगता येणार नाही.