मुलगी पोलिसात गेली तर लोक काय म्हणतील?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. मुलगी वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. उंची १५७ सेंटिमीटर, ८०० मीटर धावायला तिला सध्या ३ मिनिटं २५ सेकंद लागतात. तिला पोलीस शिपाई व्हायचं आहे. वडील लिहितात : "भावकी म्हणते, पोलिसाला लोक घाबरतात, मान कोणी देत नाही. पाठ वळली की शिव्याच. चांगली स्थळं येणार नाहीत. मी तिला बँकेच्या परीक्षा दे म्हणतोय, ती ऐकत नाही. लोकांच्या मनात ज्या खात्याबद्दल आदर नाही, तिथं पोरीला पाठवायचं का?"

नमस्कार.

भावकी म्हणते त्यात तथ्य आहे, ते मी उडवून लावणार नाही. ठाण्याची पायरी चढताना साध्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे खरं आहे. त्याला इतिहासही आहे. इंग्रजांनी उभं केलेलं पोलीस दल परक्या सरकारचा वचक ठेवण्यासाठी होतं, आणि सोलापूरने तो वचक जवळून पाहिला. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. ज्या गावात चार हुतात्म्यांचे पुतळे मधल्या चौकात उभे आहेत, तिथल्या जुन्या घरांत खाकीबद्दल अढी असेल तर नवल नाही.

पण आजच्या नाराजीचं मोठं कारण याहून साधं आहे, आणि तुमच्या मुलीच्या हातात येणारं आहे. ते कारण ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसाच्या, टेबलावर घडतं.

एक रोजचा प्रसंग घ्या. विडी कामगार बाई शेजारणीशी नळावर भांडली, शेजारणीच्या नवऱ्याने दोन थपडा मारल्या, शिव्या दिल्या, "बघून घेतो" म्हणाला. बाई कामाचा खाडा करून ठाण्यात येते. अंमलदार ऐकतो, भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२), ३५२, ३५१(२) टाकून अदखलपात्र नोंद करतो, म्हणजे ज्याला सगळे 'एनसी' म्हणतात ती. कागद हातात देतो आणि म्हणतो, "कोर्टात जा." बाई बाहेर येऊन सगळ्या गल्लीला सांगते, पोलिसांनी काही केलं नाही, पैसे खाल्ले असतील.

अंमलदाराने कायद्याबाहेर काही केलेलं नाही. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ तसं सांगतं, आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायलाही तेच सांगतं. चूक झाली ती दोन मिनिटांची. "बाई, हा गुन्हा असा आहे की कोर्टाने सांगितल्याशिवाय मला त्याला धरून आणता येत नाही. हा कागद सांभाळून ठेवा, कोर्टात हाच लागेल. तो परत अंगावर आला तर ११२ ला फोन करा. भांडण पेटायची लक्षणं दिसली तर कलम १२६ खाली आम्ही त्याच्यावर प्रतिबंधक कारवाई करू शकतो." एवढं तिला कळणाऱ्या भाषेत सांगितलं असतं, तर तीच बाई गल्लीत वेगळं बोलली असती.

कळणारी भाषा म्हणजे कोणती, हे सोलापुरात फार महत्त्वाचं आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात उर्दू-दखनी. घाबरलेला माणूस आपल्या आईच्या भाषेतच नीट सांगतो. मराठीत तो "मारलं" एवढंच म्हणतो, तेलुगूत कोणी, कशाने, कुठे, किती वाजता हे सगळं बाहेर पडतं. आणि कलम कोणतं लागणार ते याच तपशिलावर ठरतं : हाताने मारलं की लोखंडी गजाने, यात अदखलपात्र आणि दखलपात्र (ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) असा फरक पडतो. तुमच्या घरात तेलुगू बोलतात असं पत्राच्या भाषेवरून वाटतं. तसं असेल तर ही तुमच्या मुलीची मोठी जमेची बाजू आहे. परीक्षेत तिला गुण नाहीत, पण नोकरीत रोज उपयोग आहे.

लोक चिडतात त्या आणखी दोन जागा सांगतो. पहिली, "ही आमची हद्द नाही." दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने हद्द न बघता घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. एफआयआरची प्रत फुकट द्यायची, हेही त्यातच आहे. तरी माणसाला जेल रोडवरून जोडभावी पेठेत आणि तिथून सलगर वस्तीला फिरवलं, तर तो पोलिसांना नावं ठेवणारच, आणि त्याचं चुकत नाही. दुसरी, पासपोर्टची पडताळणी. त्या वेळी द्यायचं कोणतंही शुल्क नसतं. तिथे घेतलेल्या 'चहापाण्या'ने खात्याचं जेवढं नाव जातं, तेवढं क्वचितच कशाने जात असेल, कारण चौकी-कोर्टाशी कधी संबंध न आलेल्या घरांना पोलीस तेवढाच एकदा भेटतो. लाच मागितली तर १०६४ वर तक्रार करता येते, हे मुलीला आत्ताच ठाऊक असू द्या. उद्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाबद्दलही ते खरं असेल.

कोठडीतली मारहाण, दडपलेली प्रकरणं हेही याच खात्यात घडतं. त्याबद्दलचा लोकांचा राग हा गैरसमज नाही आणि मुलीने तो तसा समजू नये. अटकेच्या वेळी काय काय पाळायचं हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घालून दिलं, कारण ते पाळलं जात नव्हतं.

दुसरी बाजूही भावकीला सांगा. शिपायाला संघटना काढता येत नाही, १९६६ चा कायदा आडवा येतो. वर्तमानपत्रात आपली बाजू मांडता येत नाही. त्यामुळे चूक झाली की ती सगळ्यांना दिसते, पण सोळा तासांचा बंदोबस्त कोणालाच दिसत नाही. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारीला उभं राहायचं, वाळवंटात चुकलेली म्हातारी तिच्या दिंडीपर्यंत पोचवायची. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला सातही नंदीध्वज संमती कट्ट्यावर येईपर्यंत रस्ता मोकळा ठेवायचा आणि अक्षता पडताना गर्दी एका अंगाला झुकू द्यायची नाही. स्वतःच्या घरची संक्रांत मात्र होत नाही. वारीत लोक खाकीतल्या माणसालाही "माउली" म्हणून हाक मारतात. तीच माणसं आपल्या गावच्या ठाण्यात गेली की घाबरतात. माणसं तीच आहेत, फरक भेटीचा आहे : वारीत पोलीस वाट दाखवतो, ठाण्यात तो खुर्चीतून वर न बघता "काय आहे?" विचारतो.

बाईमाणसाची तिथे गरज किती आहे, हेही बघा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक वेळी करायची तर महिला अधिकारीच लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. ठाण्यात बाई अंमलदार दिसली तर आत येऊ की नको म्हणून दारात घुटमळणारी बाई आत येते.

तेव्हा मुलीला पाठवायचं का, याचं उत्तर भावकीकडे नाही, मुलीच्या स्वभावात आहे. हे तीन प्रश्न तिला विचारा. रडणारा, दारू प्यालेला, खोटं बोलणारा माणूस समोर असताना तिला शांतपणे लिहिता येतं का? मोठ्या माणसाला "नाही" म्हणता येतं का, आवाज न चढवता? आणि शिवी ऐकून ती रात्री झोपू शकते का? तिन्हीला "हो" येत असेल तर बँकेचा आग्रह सोडा. खाकी घातली की लोक टरकतील म्हणून तिला जायचं असेल, तर मात्र थांबवा. तो धाक पहिल्याच दिवशी मिळतो आणि पहिल्या बदलीबरोबर जातो. दरवर्षी २ जानेवारीपासून पोलिसांचा रेझिंग डे (स्थापना दिन) सप्ताह असतो, त्यात ठाणी विद्यार्थ्यांना आतून दाखवतात. तिथे शस्त्रांपाशी गर्दी असते. तिला म्हणा, अर्धा तास ठाणे अंमलदाराचं टेबल बघ.

स्थळांचं म्हणाल, तर अडचण ड्युटीच्या वेळांची आहे. रात्रपाळी, सणाला बंदोबस्त, वर्षाला २० किरकोळ रजा, त्याही मंजूर झाल्या तर. हे सांभाळून घेणारं घर बघावं लागेल. पगार वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आणि वर भत्ते. जिल्ह्याच्या घटकात (पोलीस दलात) भरती झाली की बदल्या बहुतेक त्याच घटकात होतात, म्हणजे ग्रामीणला लागली तर करमाळा ते अक्कलकोट यांच्यामध्ये कुठेही. पुढे हवालदार, सहायक फौजदार अशी वाट आहे. पदवी पूर्ण करून लोकसेवा आयोगातून फौजदारकीची परीक्षाही देता येते, म्हणून बी.ए. सोडू देऊ नका.

आता भरतीचं. बारावी झाली आहे, वयात बसते, उंची किमान १५५ लागते, ती आहे. आधी मैदानी ५० गुणांची : ८०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. यात निम्मे गुण तर हवेतच, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण एका जागेला दहा या हिशेबानेच लेखीला बोलावतात. मग लेखी १०० गुणांची, ९० मिनिटं : अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. किमान ४० टक्के हवेत. घरात मराठी नसेल तर व्याकरणाला रोज वेगळा अर्धा तास द्या. तेलुगू घरातल्या मुलांचे गुण लिंग-वचनात आणि विभक्तीत जातात.

खरी अडचण ८०० मीटरची आहे. पूर्ण गुणांना २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे दर २०० मीटरला साधारण ४२ सेकंद. बहुतेक मुली पहिले २०० मीटर ३५ मध्ये मारतात आणि तिसऱ्या २०० ला पाय जड होऊन ५५ वर जातात. तिला ४२ चा वेग अंगात मुरवायचा आहे. आठवड्यात दोन दिवस २०० मीटरचे सहा फेरे, प्रत्येक ४२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. एक दिवस ४-५ किलोमीटर सावकाश, एक दिवस १०० मीटरच्या स्टार्टचा सराव. ३५ सेकंद कमी करायला पाच-सहा महिने धरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मैदान सोडायचं. त्याआधी सिव्हिलमध्ये हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कितीही पळवलं तरी वेळ उतरणं कठीण जातं, आणि दोष मुलीच्या आळसाला दिला जातो.

गोळा ४ किलोचा, पूर्ण गुणांना ६ मीटर. गोळा मानेला टेकलेला राहिला पाहिजे. चेंडूसारखा हात मागे नेऊन फेकला की फाउल होतो आणि खांदाही दुखावतो. जोर मांडीतून आणि कमरेतून येतो. फेकल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातून बाहेर यायचं, पुढून पाय टाकला तर चांगली फेकही बाद.

अर्ज एका पदासाठी एकाच घटकात. सोलापूर शहर आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण हे दोन वेगळे घटक आहेत. दोन्हीकडे भरला तर उमेदवारीच धोक्यात येते. चारित्र्य पडताळणीत एखादा गुन्हा किंवा तक्रार लपवलेली निघाली, तर निवड झालेली नोकरीही जाऊ शकते. गुन्हा किरकोळ असला तरी लपवणं किरकोळ धरतीलच असं नाही. मंडळाच्या मिरवणुकीत भावाबरोबर नाव आलं असेल, तर ते आत्ताच ठाण्यात विचारून घ्या आणि अर्जात खरं लिहा.

राखीव प्रवर्गातून भरणार असाल तर जातवैधतेचं प्रकरण या महिन्यातच दाखल करा. आजोबांचा जन्म तेलंगणाकडचा असेल तर जुने शाळेचे दाखले तिकडून आणावे लागतात, आणि त्याला धावण्याच्या सरावापेक्षा जास्त दिवस लागतात.