रांगण्यात वेळ वाया जातो का?

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे, वाचनात जरा मागे. शाळेत रोज सकाळी १५ मिनिटं मुलांना रांगायला, जमिनीवर लोळायला, एका पायावर उभं राहायला लावतात. तेवढ्यात शुद्धलेखनाचं एक पान नाही का होणार?

उत्तर : ताई, आज तो लिहायला बसला की वहीत डोकावू नका, त्याच्याकडे बघा. माझ्या वर्गात एक मुलगी होती. मान उजवीकडे वळली की तिचा उजवा हात कोपरातून ताठ व्हायचा आणि पेन्सिल ओळ सोडून पळायची. मी आधी "नीट लिही" म्हणून रागावायचे. आजही लाज वाटते त्याची.

ही तान्ह्या बाळाची प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे न ठरवता आपोआप होणारी हालचाल. साधारण सहा महिन्यांत ती मावळते, काहींमध्ये थोडी उरते. रांगताना मान एकीकडे, हात दुसरीकडे चालवावे लागतात. सराव होतो तो त्याचाच. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वाचनात अडचण असलेल्या ६० मुलांवरचा प्रयोग छापून आला होता. बाळाच्या हालचालींचा सराव केलेल्यांचं वाचन जास्त सुधारलं. पण साठच मुलं हो, लगेच हुरळून जाऊ नका. अक्षरं शिकवावी लागतातच, आणि त्याचे डोळे तपासलेत का?

शुद्धलेखन संध्याकाळी होईल. शाळेत एवढंच विचारा, की हे सगळं सावकाश करून घेता ना? घाईघाईत रांगणं म्हणजे नुसती शर्यत.