बाही लागली, फाउल सांगितला, आता टीम बोलत नाही

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही धरमपेठेतल्या एका पूल पार्लरमध्ये दर रविवारी एट-बॉलची, म्हणजे आधी आपल्या गटाचे बॉल आणि शेवटी ब्लॅक पॉकेटात घालायच्या खेळाची, छोटी लीग खेळतो, सहा टीम आहेत, सगळे नोकरीवाले नाहीतर दुकानवाले, रेफरी वगैरे कोणी नसतो. मागच्या रविवारी शेवटच्या फ्रेममध्ये माझे दोन बॉल आणि ब्लॅक राहिला होता. मी टेबलावर लांब वाकून मारत होतो तर शर्टाची बाही बाजूच्या एका स्ट्राइपला, म्हणजे पट्टेवाल्या बॉलला, लागली आणि तो बोटभर सरकला. समोरचा मोबाइलमध्ये होता, कोणीच पाहिलं नाही. माझा बॉल पॉट झाला, पॉकेटात गेला, पण मी स्वतःच म्हटलं की फाउल आहे आणि व्हाइट, म्हणजे स्टिकने मारायचा पांढरा बॉल, त्याच्या हातात दिला. त्याने तिथून टेबल साफ केलं, आम्ही सेमीफायनलमधून बाहेर. आता कॅप्टन म्हणतो, "काऊन सांगितलं बे, तुले कोणी विचारलं होतं का?" चार दिवस झाले, ग्रुपवर कोणी माझ्याशी बोलत नाही. माझं चुकलं का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर: चुकलं भाऊ, पण कॅप्टन म्हणतो ते नाही. सांगितलंस ते बरोबरच केलंस, चुकला तो तुझा शब्द.

तुमच्या लीगचे नियम कुठे लिहून ठेवलेत का? नसतीलच, नागपुरात मी पाहिलेल्या दहातल्या नऊ लीगमध्ये "आपले नेहमीचे नियम" एवढंच असतं आणि ते नेहमीचे म्हणजे नेमके कोणते हे सेमीफायनलच्या शेवटच्या फ्रेमलाच कळतं. पूलची जागतिक संघटना आहे, डब्ल्यूपीए, तिच्या नियमांत रेफरी उभा असेल तर कुठल्याही बॉलला हात, बाही, स्टिक काहीही लागलं की फाउल. पण रेफरी नसेल तर तिथेच एक सोय दिली आहे, फक्त व्हाइटचे फाउल धरायचे. म्हणजे चुकून दुसरा बॉल हलला तर तो फाउल नाही, मात्र तो हललेला बॉल दुसऱ्या कुठल्या बॉलला लागला किंवा त्याच्या आधीच्या जागेवरून एखादा बॉल गेला, म्हणजे शॉटवरच परिणाम झाला, तर फाउल. तसं काही झालं नसेल तर समोरच्याला विचारायचं, की बाबा हा सरकला, परत जागेवर ठेवायचा की आहे तिथेच राहू द्यायचा? त्याला न विचारता तू पुढचा शॉट मारलास तर मात्र फाउल, आणि व्हाइट त्याच्या हातात.

तुझा स्ट्राइप बोटभर सरकला, कोणाला लागला नाही, त्याच्या जागेवरून काही गेलं नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तुमच्यात रेफरी नाही, म्हणून हीच सोय धरून खेळत असाल तर तो फाउल नव्हताच! तू नुसतं "हा सरकला, काय करू?" म्हटलं असतंस तर त्याने तो जागेवर ठेवायला सांगितला असता, तुझा पॉट कायम, पाळीही तुझीच. म्हणून कॅप्टनचा राग मला अर्धा समजतो. पण त्याला राग तू नियम न बघता व्हाइट देऊन टाकल्याचा नाही, तू तोंड उघडल्याचा आहे, तिथे माझं त्याच्याशी जमणार नाही. फाउल आहे का नाही ते नंतर ठरवता येतं. झालं काय, ते आधी सांगावं लागतं. आणि पार्लरमध्ये मे महिन्यात तो कूलर असा घरघरत असतो की जोरात सांगावं लागतं, नाहीतर समोरचा म्हणतो मी ऐकलंच नाही.

आता माझंही सांगून टाकतो. कॉलेजच्या दिवसांत सीताबर्डीला एका वरच्या मजल्यावर आम्ही खेळायचो. एकदा शॉटच्या आधी स्टिक मागेपुढे करताना टिप व्हाइटला लागली, व्हाइट जेमतेम थरथरला. कुठल्याही नियमात तो फाउलच आहे. समोरचा चॉक घासत होता. मी काही बोललो नाही, मारला, जिंकलो. पैसे द्यायला काउंटरवर गेलो तर तिथले म्हातारे मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे, कापडावर ब्रश फिरवत होते, ब्रश न थांबवता एवढंच म्हणाले, "साहेब, व्हाइट हलला होता ना?" मी सुटे पैसेही न घेता खाली उतरलो आणि दोन महिने त्या जिन्यावर पाय ठेवला नाही. तू चार दिवस ग्रुपवरच बाहेर आहेस, बरं आहे.

कॅप्टनला एक काम दे. एका कागदावर चार ओळी लिहायच्या: फक्त व्हाइटचे फाउल की सगळे, फाउलनंतर व्हाइट कुठेही ठेवायचा की रेषेमागेच, पॉकेट सांगून मारायचं की नाही, ब्लॅक चुकीच्या पॉकेटात गेला तर काय. पुढच्या रविवारी टॉस करायच्या आधी तो भिंतीला चिकटवा. तर्री पोह्यांच्या प्लेटखाली नको, तेल लागतं.

प्रश्न: व्हाइट माझ्या बॉलला अगदी चिकटला होता. मी सरळ त्यातूनच मारला तर समोरचे काका म्हणाले, चिकटलेल्या बॉलपासून लांब मारायचं असतं, फाउल. खरं काय?
– सदरहून एक विद्यार्थी

उत्तर: काका स्नूकर खेळून मोठे झालेत, दुसरं काय. स्नूकरमध्ये त्यांचंच खरं, चिकटलेला बॉल न हलवता तिथून दुसरीकडे मारावं लागतं. पूलमध्ये तसं नाही, बॉल तुझ्या गटातला आहे आणि खरोखर चिकटलेला आहे तर सरळ त्यातूनही मारता येतं. आपल्याकडे हा घोळ होणारच म्हणा, स्नूकरचा जन्मच मुळी 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असं मानतात, आणि तेव्हाचं जबलपूर म्हणजे मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर. काकांचा हक्क थोडा आहेच.

खरी भानगड वेगळीच असते, चिकटलेला नसतो पण केसभर अंतर असतं तेव्हाची. तिथे टिप व्हाइटला दोनदा लागते आणि तो फाउल. ओळखायचं कसं? पूलमध्ये व्हाइट आणि बाकीचे बॉल जवळपास सारख्याच वजनाचे, म्हणून सरळ मधोमध लागला की व्हाइट क्षणभर तरी अडखळायला पाहिजे. तो समोरच्या बॉलच्या पाठोपाठ त्याच वेगाने पळाला तर समज दोनदा लागला. आणि असा शॉट असेल तर मारायच्या आधी तिसऱ्या कोणाला तरी बोलाव, "बघ रे जरा" म्हणून. मारून झाल्यावर बोलावलेला साक्षीदार काही कामाचा नाही, कोणी पाहिलंच नसेल तर बहुतेक लीगमध्ये मारणाऱ्याचा शब्द धरतात, आणि मग काका दिवसभर बोलणार.

प्रश्न: आमच्या लीगमध्ये हँडिकॅप आहे, चांगला खेळणाऱ्याला जास्त फ्रेम जिंकाव्या लागतात. आमच्या कॅप्टन ताई म्हणतात की पहिले दोन सामने मुद्दाम वाईट खेळ, म्हणजे तुझा नंबर खाली राहील आणि नंतर आपल्याला फायदा. मला ते जमत नाही, हातात स्टिक आली की जिंकावंसंच वाटतं.
– एक वाचिका, मनीषनगर

उत्तर: नाही जमत तेच बरं आहे ताई. ही युक्ती जुनी आहे, जिथे हँडिकॅप तिथे ही. अमेरिकेतली एपीए नावाची हौशी खेळाडूंची मोठी लीग आहे, तिथे एट-बॉलमध्ये खेळाडूला 2 ते 7 असा नंबर असतो आणि 7 वाला 2 वाल्याशी खेळला तर एकाला 7 गेम जिंकावे लागतात, दुसऱ्याला फक्त 2. एवढा फरक असला तर कोणालाही खाली राहायचा मोह होणारच. म्हणून तिथे नुसतं कोण जिंकलं ते बघत नाहीत, किती पाळ्यांमध्ये जिंकलं ते लिहितात, आणि मुद्दाम पॉट न करता मारलेला शॉट वेगळा नोंदवतात. तुमच्या लीगलाही ते करता येईल, एक वही आणि समोरच्या टीमचा एक माणूस लिहायला, बस.

आणि आपल्याकडे तर हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे असतात. पहिले दोन सामने मुद्दाम हरायचे म्हणजे दोन्ही रविवारी खिशातून तुम्हीच काढणार, तर ते पैसे कॅप्टन ताई देणार आहेत का, एवढं आधी विचारून घ्या.